मारा ते एलीम : जीवनातील कडू प्रसंग आणि त्यांत दडलेली गोडी

कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी ते कडू ते कडूच, अशी एक म्हण आपल्याकडे प्रचलित आहे. सामान्यतः ती माणसाच्या न बदलणाऱ्या स्वभावाविषयी वापरली जाते. तथापि दुःखाच्या बाबतीतही तिच्यात मोठे तथ्य आहे. घरातील कर्त्या माणसाचा अकाली मृत्यू, कर्करोगाचे निदान, अचानक सुटलेली नोकरी, भावाभावांतील जमिनीचा वाद, दुरावलेली मुले किंवा वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही न मिळालेले उत्तर, या गोष्टींवर गोड शब्दांची साखर कितीही पेरली तरी त्यांचा कडूपणा जात नाही. उलट दुःखी माणसाला ती साखरच नकोशी होते.

असे असूनही ख्रिस्तसभा शतकानुशतके सांगत आली आहे की, कडू काळातही परमेश्वराची गोडी चाखता येते आणि त्याच काळात श्रद्धेची वाढ होते. मग या शिकवणीचा नेमका अर्थ कोणता? दुःख गोड मानून घ्यावे असा तो आहे काय? की रडू नये, तक्रार करू नये असा आहे? पवित्र शास्त्र, संतांचे अनुभव व ख्रिस्तसभेची शिकवण यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मारा येथील पाणी

निर्गम ग्रंथाच्या १५ व्या अध्यायाचे दोन भाग आहेत. पहिला भाग आनंदगीताचा आहे. इस्राएल लोक तांबडा समुद्र पार करून आले आहेत, मिर्यामच्या हाती डफ आहे आणि स्त्रिया नाचत आहेत. दुसरा भाग २२ व्या वचनापासून सुरू होतो. लोक शूर नावाच्या रानात तीन दिवस चालतात आणि त्यांना पाणी मिळत नाही. शेवटी एका ठिकाणी पाणी आढळते, पण ते इतके कडू असते की पिता येत नाही. त्या जागेला मारा असे नाव पडते. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थच कडू असा आहे. लोक मोशेविरुद्ध कुरकुर करतात. मोशे परमेश्वराचा धावा करतो. परमेश्वर त्याला एक झाड दाखवतो, त्याचे लाकूड मोशे पाण्यात टाकतो आणि पाणी गोड होते. त्याच ठिकाणी परमेश्वर आपल्या लोकांना आपण त्यांना बरे करणारा आहोत अशी ओळख करून देतो.

या प्रसंगातील काही बाबी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली बाब काळाची आहे. समुद्र दुभंगल्याला अवघे काही दिवस झाले आहेत. लोकांनी कोणते मोठे पाप केले म्हणून त्यांच्या वाट्याला कडू पाणी आले, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. वचनदत्त देशाकडे जाणाऱ्या योग्य वाटेवरच मारा लागते. आपल्या घरी दुःख आले की, 'माझे काय चुकले?' हा प्रश्न प्रथम मनात येतो. माराची कथा त्या प्रश्नाची धार कमी करते.

दुसरी बाब तहानेची. तहान सर्वांनाच लागली होती. लोकांनी आपले दुःख मोशेच्या विरोधात बोलून दाखवले, मोशेने ते परमेश्वरापुढे मांडले. पाणी कडू आहे हे दोघांनीही कबूल केले, मात्र दोघांनी तोंड वेगवेगळ्या दिशांना केले. त्या कबुलीत श्रद्धेचा अभाव नव्हता. मोशेने पाणी गोड असल्याचे सोंग केले असते तर झाड दाखवले जाण्याचा प्रसंगच आला नसता.

तिसरी बाब म्हणजे पाणी तेच राहिले. परमेश्वराने दुसरा झरा फोडला नाही. जे पाणी पिता येत नव्हते, तेच प्यायचे पाणी झाले. ज्या झाडामुळे हे घडले, ते तेथेच उभे होते. लोकांची नजर तिकडे गेली नव्हती आणि परमेश्वराने ते दाखवून दिले.

ख्रिस्तसभेच्या आचार्यांनी या झाडात प्रभू येशूचा क्रूस पाहिला. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी टर्टुलियन यांनी बाप्तिस्म्यावरील आपल्या ग्रंथात मारा येथील लाकडाचा संबंध ख्रिस्ताशी जोडला. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्यांना हीच कथा समजावून सांगितली. प्रभूच्या क्रूसाविना पाण्याला तारणाचे सामर्थ्य नाही आणि क्रूसाचा स्पर्श झाला की तेच पाणी कृपेचे होते, असा त्यांच्या शिकवणीचा सारांश आहे. म्हणजे ख्रिस्ती दृष्टीने गोडी दुःखाच्या अंगी उपजत नसते. त्या दुःखात ख्रिस्त उतरतो, तेव्हा ती प्रकट होते.

कथा येथे संपत नाही. अध्यायाच्या शेवटच्या, २७ व्या वचनात लोक एलीम येथे पोहोचतात. तेथे बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडे आहेत. सिनाय द्वीपकल्पाच्या पश्चिम भागातील ऐन हवारा नावाचा खारट-कडू झरा म्हणजे मारा आणि त्याच्या दक्षिणेची वाडी घरंदल म्हणजे एलीम, असे अनेक अभ्यासक मानतात. ही दोन्ही ठिकाणे परस्परांपासून फार दूर नाहीत. मारा येथे कुरकुरणाऱ्या लोकांना पुढच्याच मुक्कामावर बारा झरे आहेत हे ठाऊक नव्हते. कडू काळात माणसाला पुढचे दिसत नाही, हा केवळ आपलाच अनुभव नाही.

नामी : रिकाम्या हातांजवळ उभी असलेली रूथ

मारा हा शब्द पवित्र शास्त्रात पुन्हा एकदा येतो, या वेळी एका स्त्रीचे नाव म्हणून. बेथलेहेमात दुष्काळ पडल्यामुळे अलीमलेख, त्याची पत्नी नामी आणि त्यांचे दोन पुत्र मवाब देशात स्थलांतर करतात. तेथे आधी पती आणि मग दोन्ही पुत्र मरण पावतात. सुमारे दहा वर्षांनंतर नामी गावी परतते, तेव्हा गावच्या बायका तिला ओळखतात. नामी या नावात सुखद, मनोहर असा अर्थ आहे. ती त्यांना म्हणते की आता मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. कारण मी भरलेली गेले होते आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले आहे.

नामीचे हे शब्द परखड आहेत. तिने परमेश्वराला थेट दोष दिला आहे. तरीही पवित्र लेखकाने तिला खोडून काढले नाही वा तिच्यावर ठपका ठेवला नाही. त्याने फक्त दोन गोष्टी शांतपणे नोंदवल्या आहेत. नामी रिकामी आले असे म्हणत असताना तिची सून रूथ तिच्यासोबत होती, आणि त्या दोघी बेथलेहेमात आल्या तेव्हा सातूच्या कापणीला आरंभ झाला होता. नामीने यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख केला नाही. तिच्या दुःखाने तिची नजर झाकली होती. जिला तिने हिशेबात धरले नाही, त्याच सुनेने पुढे शेतात सरवा वेचून तिला जगवले. पुढे बवाज व रूथ यांचा विवाह झाला, ओबेद जन्मला आणि गावच्या बायकांनी ते बाळ नामीच्या पदरात पाहिले. ओबेद हा दावीद राजाचा आजोबा. संत मत्तयलिखित शुभवर्तमानातील प्रभू येशूच्या वंशावळीत रूथचे नाव आहे.

नामीचे पती व पुत्र परत आले नाहीत. ओबेद हा त्यांच्या बदल्यात मिळालेला मोबदला नव्हे. जे गेले ते गेलेच. परंतु जे उरले होते त्यातून परमेश्वराने पुढची वाट काढली. शोकात असलेल्या कुटुंबाला आपण भेटावयास जातो, तेव्हा रूथचे उदाहरण समोर ठेवणे उचित ठरेल. रूथने सासूला उपदेश केला नाही. तिने सोबत सोडली नाही, आणि ती धान्य वेचावयास गेली.

क्रूसावरचा कडू प्याला

परमेश्वराच्या पुत्रानेही कडूपणा चाखला. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने दुःखाचा प्याला शक्य असल्यास टळावा अशी प्रार्थना केली आणि अखेर पित्याची इच्छा शिरोधार्य मानली. दुःख टळावे असे मागणे म्हणजे पाप नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. गोलगोथा येथे त्यास पित्त मिसळलेला द्राक्षारस देण्यात आला, असे संत मत्तय नमूद करतो. प्रभूने तो चाखला, परंतु प्याला नाही. ख्रिस्ताने कडूपणा दुरून पाहिला नाही, तो त्याच्या जिभेवर आला होता. म्हणूनच आजाऱ्याच्या उशाशी लावलेल्या क्रूसाला अर्थ आहे.

स्तोत्रसंहितेतील सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांपैकी बहुतेकांचा शेवट आशेने होतो. ८८ वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि ख्रिस्तसभेच्या दैनिक प्रार्थनेत शुक्रवारी रात्री म्हटले जाते. ज्यांच्या प्रार्थनेचा शेवट अजून आशेपर्यंत पोहोचलेला नाही, अशांसाठीही ख्रिस्तसभेने जागा राखून ठेवली आहे.

असिसीच्या संत फ्रान्सिसचा अनुभव

कडू आणि गोड या शब्दांचा संबंध संत फ्रान्सिसच्या जीवनाशी विशेष जोडला गेला आहे. इटलीतील असिसी गावच्या कापड व्यापाऱ्याचा हा पुत्र. तारुण्यात पेरुजा नगराशी झालेल्या लढाईत तो पकडला गेला, सुमारे वर्षभर कैदेत राहिला आणि पुढे आजारी पडला. त्याला कुष्ठरोग्यांची विलक्षण किळस होती. मृत्यूपूर्वी, १२२६ साली, त्याने आपल्या बंधूंसाठी जो मृत्युलेख सांगितला त्याचा आरंभ याच आठवणीने होतो. पापात असताना कुष्ठरोग्यांकडे पाहणेही आपल्याला अतिशय कडू वाटे, परंतु प्रभूने आपल्याला त्यांच्यामध्ये नेले, आपण त्यांच्यावर दया केली आणि परतताना तोच कडूपणा आत्म्याला व देहाला गोड झाला होता, असे त्याने त्यात सांगितले आहे.

या साक्षीतील क्रम ध्यानात घ्यावा. फ्रान्सिस गोडी शोधावयास निघाला नव्हता. प्रभूने त्याला नेले, त्याने सेवा केली, आणि गोडी मागाहून आली. कुष्ठरोग नाहीसा झाला नाही, बदल फ्रान्सिसमध्ये झाला.

शेवटच्या वर्षांत त्याच्यावर स्वतःच्या देहदुःखाची पाळी आली. डोळ्यांच्या विकाराने तो जवळजवळ आंधळा झाला होता, प्रकाश सहन होत नव्हता. उपचार म्हणून तापलेल्या लोखंडाने डाग देण्यात आले. याच आजारपणात, १२२५ साली, सान दामियानो येथे त्याने सूर्य, चंद्र, वारा, पाणी व अग्नी यांना बंधुभगिनी मानणारे आपले प्रसिद्ध स्तुतिगीत रचले. जो सूर्य त्याला पाहवत नव्हता त्याच्यासाठीही त्याने परमेश्वराची स्तुती केली.

मदर तेरेसा आणि पुण्याचे फादर नॉयनर

सर्वच संतांना फ्रान्सिसप्रमाणे गोडीची जाणीव झाली असे नाही. याचे आपल्या काळातील सर्वांत ठळक उदाहरण कोलकात्याच्या संत तेरेसा यांचे आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगकडे जाणाऱ्या आगगाडीत त्यांना गरिबांतील गरिबांची सेवा करण्याचे पाचारण झाले. त्या काळात प्रभूच्या सान्निध्याचा त्यांना उत्कट अनुभव येत होता. परंतु सेवाकार्याला प्रत्यक्ष आरंभ झाल्यावर तो अनुभव लोपला आणि अंतःकरणात अंधार दाटला. १९५८ साली अल्पकाळ मिळालेला दिलासा वगळता, तो अंधार ५ सप्टेंबर १९९७ रोजी झालेल्या त्यांच्या मृत्यूपर्यंत टिकला असे मानले जाते. आपले आर्चबिशप व मोजके आध्यात्मिक मार्गदर्शक यांनाच त्यांनी हे सांगितले होते. ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची विनंती होती. पत्रांचे संकलन २००७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा जगाला हे प्रथमच विस्ताराने कळले आणि अनेकांना धक्का बसला.

या अंधारातून वाट दाखवणाऱ्यांमध्ये पुण्याच्या एका धर्मगुरूंचे स्थान महत्त्वाचे आहे. फादर जोसेफ नॉयनर हे मूळचे ऑस्ट्रियाचे येशूसंघीय धर्मगुरू. पुण्यातील डी नोबिली कॉलेजात त्यांनी ईशज्ञान शिकवले, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत तज्ज्ञ सल्लागार म्हणून काम केले आणि २००९ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, पुण्यातच त्यांचे निधन झाले. १९६१ साली कोलकात्यात त्यांनी मदर तेरेसा यांच्या भगिनींना आध्यात्मिक साधनेत मार्गदर्शन केले. त्या वेळी मदरनी आपली अवस्था त्यांना लेखी कळवली.

फादर नॉयनर यांनी त्यांना मुख्यतः तीन गोष्टी सांगितल्या. या अंधारावर मानवी उपाय नाही, म्हणून त्याबद्दल स्वतःला दोषी धरू नये. प्रभूची जाणीव होणे हाच त्याच्या सान्निध्याचा एकमेव पुरावा नव्हे. त्याच्यासाठी लागलेली तहान हीच तो अंतरी गुप्तपणे उपस्थित असल्याची खूण आहे. आणि हा अंधार त्यांच्या सेवाकार्याचाच आध्यात्मिक भाग आहे. टाकून दिलेल्यांची सेवा करणारी स्वतः टाकून दिल्याचे दुःख भोगत आहे. या उत्तराने अंधार दूर झाला नाही. परंतु मदर तेरेसा यांनी नंतर कळवले की, इतक्या वर्षांत प्रथमच आपण या अंधारावर प्रेम करू लागलो आहोत.

मग गोडी कोठे होती? मदरच्या भावनांत ती नव्हती. १९५२ साली कालीघाट येथे सुरू झालेल्या निर्मल हृदय या घरी ज्या मरणासन्न माणसांना रस्त्यावरून उचलून आणण्यात आले, ज्यांना शेवटच्या घटकांत कोणी तरी हात धरणारे लाभले, त्यांना ती मिळाली. कधी कधी आपल्या कडू काळाचे गोड फळ दुसऱ्याच्या ओंजळीत पडते आणि आपल्याला ते दिसतही नाही. ख्रिस्तसभेने ४ सप्टेंबर २०१६ रोजी मदर तेरेसा यांना संतपद बहाल केले. कोरडी प्रार्थना म्हणजे विझलेली श्रद्धा असे मानणाऱ्या प्रत्येकासाठी हा मोठा दिलासा आहे.

कोरड्या काळासाठी संत इग्नेशियसचे नियम

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हे सैनिकी बाण्याचे गृहस्थ. २० मे १५२१ रोजी पॅम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय जायबंदी झाला. बरे झाल्यानंतर ते मानरेसा या गावी सुमारे अकरा महिने राहिले. तेथे त्यांना आरंभी मोठी शांती लाभली. नंतर पापांच्या शंकांनी त्यांना इतके ग्रासले की जीव द्यावा असे विचारही मनात येऊ लागले. या अनुभवातून त्यांनी जे शिकून घेतले, ते त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात नियमांच्या रूपाने आले आहे. १५४८ साली पोप पौल तिसरे यांनी त्या पुस्तकास मान्यता दिली. मनाचा ओलावा नाहीसा होऊन निराशा, अस्वस्थता व कोरडेपणा येतो, त्या अवस्थेसंबंधीचे त्यांतील प्रमुख नियम असे आहेत :

१. निराशेच्या काळात पूर्वी शांत मनाने केलेला चांगला निश्चय बदलू नये. विवाह, पाचारण, कुटुंबाची जबाबदारी यांविषयीचे निर्णय अशा वेळी घाईने फिरवू नयेत.

२. निश्चय न बदलता आपण स्वतः थोडे बदलावे. प्रार्थना, आत्मपरीक्षण व योग्य प्रमाणात प्रायश्चित्त यांत किंचित भर घालावी.

३. परमेश्वराची कृपा जाणवत नसली तरी तारणापुरती कृपा आपल्याजवळ आहेच, असा विचार करावा.

४. धीर धरावा. ही अवस्था कायमची नसते, सांत्वन परत येते.

५. कोरडेपणाची कारणे शोधावीत. ती तीन असू शकतात : आपली आध्यात्मिक हयगय, आपली परीक्षा, किंवा सांत्वन हे आपली कमाई नसून देणगी आहे हे शिकण्याची संधी. प्रत्येक कोरडेपणा हयगयीमुळेच येतो असे इग्नेशियस म्हणत नाहीत.

६. सुखाच्या दिवसांत पुढच्या कठीण दिवसांसाठी बळ साठवून ठेवावे आणि नम्र राहावे.

७. मनातील अंधार लपवू नये. पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू किंवा जाणती आध्यात्मिक व्यक्ती यांच्यापुढे तो उघड करावा. गुप्त ठेवलेल्या गोष्टीचाच सैतान लाभ घेतो.

मारा येथील लोक आणि मोशे यांच्यातील भेद पुन्हा एकदा येथे दिसतो. कडूपणा योग्य ठिकाणी, योग्य व्यक्तीपुढे बोलून दाखवणे, हाच या नियमांचा गाभा होय.

काही आवश्यक सावधगिरी

या शिकवणीचा विपर्यास होण्याचा धोका असतो. म्हणून पुढील गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

ख्रिस्तसभा दुःख ओढवून घ्यावयास सांगत नाही. बरा होणारा आजार अंगावर काढणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे. बेनसिरा ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा सन्मान करावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे आणि औषधे भूमीतून त्यानेच उपजवली आहेत, अशी शिकवण आहे. त्या अध्यायात मारा येथील लाकडाचाही उल्लेख येतो, हे लक्षणीय आहे.

त्याचप्रमाणे घरातील मारहाण, व्यसनी माणसाचा छळ किंवा दुर्बलांचे शोषण निमूटपणे सोसण्यास क्रूसाचा आधार देऊ नये. अन्यायाला आळा घालणे व पीडितास सुरक्षित स्थळी नेणे हे ख्रिस्ती कर्तव्य आहे.

आध्यात्मिक कोरडेपणा आणि नैराश्याचा आजार या भिन्न गोष्टी आहेत, जरी दोन्ही एकाच वेळी येऊ शकतात. झोप व भूक उडणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे ही लक्षणे आठवडेच्या आठवडे टिकली तर धर्मगुरूंबरोबरच डॉक्टरांचीही भेट घ्यावी. यात कमीपणा नाही. भारत सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ असा असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

शेवटची सावधगिरी आपल्या जिभेची. तरुण मुलाच्या शवपेटीजवळ उभ्या असलेल्या आईला, 'देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात,' असे सांगू नये. गोडी शोधण्याचा अधिकार ज्याचा प्याला कडू आहे त्याचाच आहे. दुसऱ्याच्या वतीने ती जाहीर करण्याचा अधिकार आपल्याला नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. ते बोलू लागले आणि चुकले.

धर्मग्रामात उपलब्ध असलेली साधने

कडू काळात श्रद्धावंताने एकट्यानेच झगडावे अशी ख्रिस्तसभेची अपेक्षा नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वार्धक्याने क्षीण झालेल्यांना रुग्णांचा तैलाभ्यंग संस्कार घेता येतो. तो केवळ मरणासन्नांसाठी आहे हा गैरसमज अजूनही आढळतो आणि त्यामुळे पुष्कळ वेळा धर्मगुरूंना फार उशिरा बोलावले जाते. आजार पुन्हा बळावल्यास हा संस्कार पुन्हाही घेता येतो. पापनिवेदनात मनाचे ओझे उतरते. पवित्र मिस्सेत आपले दुःख प्रभूच्या बलिदानाबरोबर वेदीवर ठेवता येते. ज्यांच्या तोंडी शब्द येत नाहीत त्यांनी आराधनेच्या वेळी नुसते बसावे. घरी १३ वे, २२ वे किंवा ८८ वे स्तोत्र मोठ्याने वाचावे आणि आपल्या दुःखाचे नाव तेथे घ्यावे.

संत योहान पौल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक प्रेषितीय पत्र प्रसिद्ध केले. १३ मे १९८१ रोजी स्वतः गोळीबारात गंभीर जखमी झालेल्या पोपमहोदयांनी त्यात दुःखाला दोन बाजूंनी पाहिले आहे. दुःखी माणूस आपले दुःख ख्रिस्ताशी जोडू शकतो. आणि इतरांसाठी ते दुःख दयाळू शोमरोन्याप्रमाणे प्रेम जागे करणारी हाक ठरते. १९९३ सालापासून लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, जागतिक रुग्णदिन पाळला जातो. त्या दिवशी मिस्सेनंतर एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याकडे घटकाभर जाऊन बसणे, हा त्या पत्राचा सर्वांत सोपा अनुवाद ठरेल.

उपसंहार

गुढीपाडव्याच्या सकाळी महाराष्ट्रात घरोघरी कडुलिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर खाण्याची प्रथा आहे. तेथे कडू लपवले जात नाही. दोन्ही चवी एकत्र घेऊनच वर्षाला सामोरे जातात. आपल्या भूमीतील ही जाण ख्रिस्ती श्रद्धेला परकी नाही. वल्हांडणाच्या रात्री इस्राएल लोकांनीही कोकऱ्याच्या मांसासोबत कडू भाजी खाल्ली, आणि ती रात्र त्यांच्या सुटकेची होती.

साखरेत घोळलेले कारले कडूच राहते, कारण साखर वरवर लागते. मारा येथील लाकूड मात्र पाण्यात टाकावे लागले. प्रभूचा क्रूस आपण दुःखाच्या बाहेर, केवळ भिंतीवर टांगून ठेवला तर आपले पाणी तसेच राहील. तो दुःखाच्या आत येऊ द्यावा. गोडी केव्हा जाणवेल, आपल्याला जाणवेल की दुसऱ्या कोणाला, हे त्याच्यावर सोपवावे. तोवर कडूला कडू म्हणण्याची मुभा आहे, धावा करण्याची मुभा आहे, आणि चालत राहण्याची आज्ञा आहे.

प्रार्थना

हे प्रभो, माझा प्याला आज कडू आहे. मी तो गोड असल्याचे सोंग करीत नाही. ज्या झाडाजवळ मी उभा आहे आणि जे मला दिसत नाही, ते मला दाखव. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या रूथला ओळखण्याची दृष्टी दे. मला सांत्वन लाभले नाही तरी माझ्या हातून कोणाला तरी ते लाभो. एलीम दिसेपर्यंत माझी पावले थांबू देऊ नकोस. आमेन.